राजदूत पोचायलाच दोन वर्षं, मग लांबलांबच्या देशांचे संबंध टिकायचे कसे?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. आज दोन देशांत काही बिनसलं की तासाभरात फोन होतात, दूतावासात बोलावून घेतात, निवेदन येतं. पण जेव्हा जगाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला निरोप जायलाच वर्ष-दीड वर्ष लागायचं आणि उत्तर यायला पुन्हा तेवढंच, तेव्हा "संबंध" म्हणजे नेमकं काय असायचं? शाळेत शिकलेलं सगळं "अमुक राजाने तमुक राजाच्या दरबारी वकील पाठवला, नजराणे दिले घेतले" इथे संपतं. पुढे काय झालं, त्यातून कोणाला काय मिळालं, ते कुठेच नसतं.

मला खरं तर हे जाणून घ्यायचंय की आधी काय यायचं, व्यापार की राजकारण? म्हणजे व्यापारी आधी रस्ता पाडायचे आणि मागून राजे यायचे, की उलटं? आणि एवढ्या लांबच्या माणसावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचे? इथे इतिहास वाचणारे बरेच जण आहेत, उदाहरणं देऊन सांगितलंत तर फार बरं होईल. नुसती मतं नकोत.

दीपस्तंभ

चांगला धागा. माझ्या मते व्यापार आधी, पण त्यातही एक गोष्ट आपण विसरतो ती म्हणजे मधला माणूस. दोन टोकं एकमेकांना कधी भेटायचीच नाहीत. माल हातोहात जायचा आणि प्रत्येक टप्प्यावरचा माणूस आपला नफा काढून पुढे द्यायचा. आणि या मधल्या माणसाचा फायदा कशात, तर दोन्ही टोकांना एकमेकांबद्दल काही कळू नये यात.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे गान यिंग. इ.स. ९७ मध्ये चीनच्या हान साम्राज्याचा सेनापती बान चाओ याने त्याला पश्चिमेकडे पाठवलं, काम एकच, रोमपर्यंत जाऊन संपर्क करायचा. चिनी लोक रोमला दा छिन म्हणायचे. हा माणूस मध्य आशिया ओलांडून पार्थियन राज्यातून (म्हणजे तेव्हाच्या इराणमधून) थेट पश्चिमेच्या समुद्रापर्यंत पोचला (तो समुद्र म्हणजे बहुतेक इराणचं आखात). आता जहाजात बसायचं एवढंच राहिलं होतं. तिथल्या पार्थियन खलाशांनी त्याला सांगितलं की वारा चांगला असेल तर तीन महिने, नसेल तर दोन वर्षंही लागतात, म्हणून लोक तीन वर्षांचा शिधा घेऊन निघतात, आणि समुद्रात घरची अशी काही आठवण येते की माणसं त्याने मरतात. झालं, गान यिंग तिथूनच परत फिरला.

आता पार्थियन लोकांनी मुद्दाम घाबरवलं का? चिनी दरबारी इतिहासातच लिहिलंय की दा छिनच्या राजाला हानकडे दूत पाठवायची इच्छा होती पण पार्थियनांना चिनी रेशमाचा व्यापार आपल्याच हातात ठेवायचा होता म्हणून ते वाट अडवायचे. म्हणजे चिनी लोकांनाही हे नंतर का होईना कळलं होतं. जगातल्या सगळ्यात मोठ्या दोन सत्ता, एकीचं रेशीम दुसरीच्या बाजारात विकलं जातंय, आणि दोघींची ओळख होऊ नये म्हणून मधला झटतोय. त्यामुळे "संबंध" म्हणताना आधी मधल्याला विचारात घ्या.

अक्षांश

दीपस्तंभ, मधल्या माणसाचं पटलं, पण व्यापार आधी हे सरसकट नाही म्हणता येणार. याच रस्त्याचं दोनशे वर्षं आधीचं उदाहरण बघा.

चांग छ्येन. इ.स.पू. १३८ च्या सुमारास हान सम्राट वू याने त्याला पाठवलं ते व्यापारासाठी नाहीच, शुद्ध राजकारण. उत्तरेच्या श्योंगनू टोळ्या चीनला सतावत होत्या आणि त्याच टोळ्यांनी युएची नावाच्या लोकांना हाकलून लावलं होतं, तर त्या युएचींना गाठून दोघांनी मिळून श्योंगनूंवर चालून जायचं असा बेत. शंभराहून जास्त माणसं घेऊन निघाला आणि वाटेतच श्योंगनूंच्या हाती सापडला. दहा वर्षं कैदेत, तिथे लग्न झालं, मुलं झाली, पण सम्राटाने दिलेली दूताची काठी त्याने जपून ठेवली. मग पळाला आणि घरी न जाता पुढेच गेला, युएचींना शोधून काढलं, तर ते आता सुपीक जमिनीवर मजेत स्थायिक झालेले, त्यांना सूडबिड काही नको होता. म्हणजे मोहीम राजकीय दृष्ट्या पूर्ण फसली. परत आला तेव्हा सोबत निघालेल्या शंभरांतला एकच जण उरला होता.

पण बॅक्ट्रियाच्या बाजारात, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानात, त्याला दोन वस्तू दिसल्या होत्या. एक विशिष्ट बांबूच्या काठ्या आणि दुसरं शू प्रांताचं कापड. दोन्ही नैऋत्य चीनमधल्या! त्याने विचारलं हे इथे कसं, तर व्यापारी म्हणाले आम्ही शेंदूहून आणतो. शेंदू म्हणजे भारत. म्हणजे सरकारला पत्ताही नव्हता आणि त्यांच्याच देशातली काठी दक्षिणेकडून भारतात जाऊन तिथून वर अफगाणिस्तानात पोचली होती. ही बातमी त्याने सम्राटाला दिली आणि मग चीनने पश्चिमेकडे पद्धतशीर दूत पाठवायला सुरुवात केली, वर्षाला कधी पाच-सहा, कधी दहाच्या वर तांडे.

तर माझं म्हणणं, माल आधीच फिरत असतो, कोणाला न विचारता. पण रस्ता "माहीत होणं" आणि त्यावर चौक्या, घोडे, पाणी, संरक्षण येणं हे राजकारणामुळे होतं. श्योंगनूंची भीती नसती तर सम्राटाला पश्चिमेत रस वाटलाच नसता.

कोरा_कागद

दोघांचेही प्रतिसाद अफाट आहेत. त्या काठीचं वाचून अंगावर काटा आला.

यावरून एक प्रश्न, समोर आलेला माणूस खरंच त्या राजाने पाठवलाय हे ओळखायचे कसे? गान यिंग रोमला पोचला असता तरी रोमवाल्यांना काय माहीत हा कोण? कोणीही व्यापारी उठून मी राजदूत म्हणेल की.

दीपस्तंभ

म्हणायचेच! इ.स. १६६ मध्ये दा छिनचा राजा आनदुन याच्याकडून आलोय असं सांगत काही लोक समुद्रमार्गे आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्याने हान दरबारी पोचले. आनदुन म्हणजे अँटोनिनस, तेव्हा रोमला मार्कस ऑरेलियस अँटोनिनस होता, नाव बरोबर जुळतं. पण नजराणा काय आणला तर हस्तिदंत, गेंड्याचं शिंग आणि कासवाची पाठ. हे सगळं दक्षिण आशियात आणि आग्नेय आशियात वाटेत विकत मिळणारं. चिनी इतिहासकारानेही नोंद करून ठेवलीय की यांच्या भेटीत दुर्मीळ असं काहीच नव्हतं. रोमच्या बाजूला अशी वकिलात पाठवल्याची कुठे नोंद नाही. त्यामुळे बरेच अभ्यासक म्हणतात हे रोमन हद्दीतले व्यापारी होते, दूत म्हटलं की दरबारात प्रवेश मिळतो म्हणून दूत झाले.

आणि चिनी दरबाराला हे चालायचं, हा महत्त्वाचा मुद्दा आहे. लांबून कोणीतरी नजराणा घेऊन येतंय यात सम्राटाची शान वाढायची, आलेल्याला नजराण्याच्या कितीतरी पट परतभेट मिळायची. व्यापारी खूष, दरबार खूष.

पाऊलवाट

दीपस्तंभ यांनी परतभेटीचा विषय काढला म्हणून लिहिते, कारण चोळांचं उदाहरण यात फिट्ट बसतं आणि त्यात मधला माणूसही आहे.

चोळांनी चीनच्या सुंग दरबारात वकिलाती पाठवल्या, १०१५, १०३३ आणि १०७७ या तीन पक्क्या. पहिल्या वकिलातीला तिकडे पोचायला जवळपास तीन वर्षं लागली. मोसमी वारा एका दिशेने ठरावीक महिनेच वाहतो, तो संपला की पुढच्या मोसमापर्यंत बंदरात पडून राहायचं, असं टप्प्याटप्प्याने. १०७७ च्या वकिलातीत ७२ माणसं होती आणि त्यांना परतभेट म्हणून तांब्याच्या नाण्यांच्या ८१,८०० माळा मिळाल्या. त्यांनी काय नेलं होतं, तर काचसामान, कापूर, किनखाप, गेंड्याची शिंगं, हस्तिदंत, अत्तरं, हिंग, लवंगा असलं. आता याला वकिलात म्हणायचं की सरकारी शिक्का मारलेला व्यापार, तुम्हीच ठरवा. मला तर फरकच दिसत नाही.

आता मधला माणूस. चोळमंडळ आणि चीन यांच्या मधोमध मलाक्काच्या सामुद्रधुनीवर श्रीविजय बसलेलं, सुमात्राचं. तिथूनच सगळी गलबतं जायची. राजेंद्र चोळाने १०२५ मध्ये श्रीविजयावर आरमारी स्वारी करून त्यांची बंदरं लुटली, राजाला पकडलं. म्हणजे जिंकलं कोण, चोळ. आणि सुंग दरबाराची समजूत काय होती? ११०६ मध्ये पगानहून म्हणजे ब्रह्मदेशातून वकील आले तेव्हा सम्राट म्हणाला यांना चोळांसारखंच वागवा. तर दरबारातल्या रीतिरिवाज खात्याच्या प्रमुखाने हरकत घेतली की चोळ हे श्रीविजयाचे मांडलिक आहेत, म्हणून तर त्यांच्या राजाला आपण साध्या जाड कागदावर पत्र लिहिलं आणि साध्या लिफाफ्यात घातलं, पगान हे मोठं राज्य आहे, त्यांना सोनेरी फुलांच्या भारी कागदावर लिहून, चांदीच्या कुलपाच्या पेटीत घालून द्यायला हवं.

म्हणजे लढाई हरलेल्या श्रीविजयाने पत्राचा कागद मात्र जिंकला. कारण चिनी दरबारात दक्षिणेच्या समुद्राबद्दल जी माहिती पोचायची ती बरीचशी श्रीविजयाच्या लोकांकडून आणि त्यांच्या बंदरांतून. काही इतिहासकारांचं मत आहे की श्रीविजयाने हे जाणूनबुजून पसरवलं, कारण चोळांचा थेट संबंध जुळला असता तर यांचं महत्त्व संपलं असतं. गान यिंगनंतर हजार वर्षांनी तोच खेळ.

शिडाचं_जहाज

सुंदर चर्चा, धागा वाचनखूण म्हणून साठवलाय. मी जरा वेगळ्या बाजूने येतो, राजदूताचा पगार कोण द्यायचं हे बघा म्हणजे तो कोणाचा माणूस ते कळतं.

इंग्लंड आणि उस्मानी तुर्क. १५७० मध्ये पोपने राणी एलिझाबेथला धर्मबहिष्कृत केलं. मुसलमानांना युद्धसामग्री विकायची नाही असा पोपचा नियम होता, पण आता इंग्लंडला पोपचा धाक राहिला नाही. तुर्कांना तोफा ओतायला कथील आणि शिसं हवं होतं, ते इंग्लंडकडे भरपूर. विल्यम हारबोर्न नावाचा व्यापारी १५७८ मध्ये इस्तंबूलला गेला, १५८० मध्ये सुलतान तिसरा मुराद याच्याकडून इंग्रजांना व्यापाराची सवलत मिळवली आणि १५८३ मध्ये तोच माणूस राणीचा राजदूत म्हणून तिथे रुजू झाला. पगार कोणाचा, तर तुर्कस्तानशी व्यापार करणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या कंपनीचा. पत्र राणीचं, खर्च व्यापाऱ्यांचा. आणि ही पद्धत पुढे दोनशे वर्षांहून जास्त चालू राहिली.

त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. पुढचा सुलतान तिसरा मेहमेद, त्याच्यासाठी १५९९ मध्ये इंग्लंडहून एक ऑर्गन पाठवला, आपोआप वाजणारा, घड्याळ लावलेला, आणि वरती एक झुडूप ज्यावरचे पक्षी शेवटी गायचे आणि पंख हलवायचे. पैसे अर्थात कंपनीचेच. बनवणारा थॉमस डॅलम, त्याला सोबत पाठवलं कारण दुसऱ्या कोणाला ते यंत्र जोडताच आलं नसतं. सहा महिन्यांच्या प्रवासात जहाजाच्या तळातल्या उष्णतेने सगळा सरस सुटलेला आणि काही नळ्या चेपलेल्या. बिचाऱ्याने तिथे बसून पुन्हा सगळं जुळवलं. सुलतानासमोर ते वाजलं, सुलतान खूष, म्हणाला कोणी हाताने वाजवून दाखवेल का. आता वाजवायचं म्हणजे सुलतानाकडे पाठ करून बसावं लागणार, आणि सुलतानाकडे पाठ करणं म्हणजे केवढा गुन्हा. डॅलमने स्वतः रोजनिशीत लिहिलंय की सुलतान इतका जवळ बसला होता की तो उठताना त्याचा धक्का लागला, आणि वाटलं आता तलवारच काढतोय. तो मोहरा काढून देत होता.

एका सरस सुटलेल्या यंत्रावर अख्ख्या व्यापाराची मर्जी अवलंबून होती. तुम्ही विचारलंत ना संबंध म्हणजे काय असायचं, माझ्या लेखी हे.

सर टॉमस रोचंही तसंच. १६१५ मध्ये जहांगीरकडे आला तो राजा जेम्सचा वकील म्हणून, पण पगार ईस्ट इंडिया कंपनीचा. त्याला दोन राजांमधला बरोबरीचा तह हवा होता, तो चार वर्षांत काही मिळाला नाही, फर्मानांवर समाधान मानावं लागलं. मुघलांना एका लांबच्या बेटाशी तह करायची गरजच वाटत नव्हती.

उत्तररात्र

वेळेचा मुद्दा मूळ प्रश्नात होता त्यावर कोणीच नीट बोललं नाही अजून. मला वाटतं अंतरापेक्षा वेळ हाच खरा शत्रू. तुम्ही निघता तेव्हाचं जग आणि पोचता तेव्हाचं जग वेगळं असतं.

रब्बान बार सौमा. जन्म आजच्या बीजिंगच्या भागातला, नेस्टोरियन या पूर्वेकडच्या पंथाचा ख्रिस्ती साधू. इराणचा मंगोल राजा (त्याला इलखान म्हणायचे) अरगून याने त्याला १२८७ मध्ये युरोपात पाठवलं, कारण इजिप्तवर राज्य करणाऱ्या मामलुक सुलतानांविरुद्ध ख्रिस्ती राजांची मदत हवी होती. रोमला पोचला तर पोप होनोरियस नुकताच वारलेला आणि नवा निवडला गेला नव्हता. कार्डिनल मंडळी त्याला त्याच्या धर्माबद्दल प्रश्न विचारत बसली, कामाचं कोणी बोलेना. मग तो पॅरिसला फ्रान्सच्या राजाला भेटला, बोर्दोला इंग्लंडच्या राजा एडवर्डला भेटला, आणि परत रोमला आला तेव्हा कुठे नवा पोप निकोलस मिळाला. सगळ्यांनी आदर केला, गोड बोलले, सैन्य कोणी दिलं नाही.

अरगूनने मग १२८९ मध्ये फ्रान्सच्या राजाला पत्र लिहिलं, ते अजून फ्रान्सच्या अभिलेखागारात आहे, उइघुर लिपीत मंगोल भाषेत, दोन मीटरच्या आसपास लांब, वर चिनी अक्षरांचे लाल शिक्के. त्यात चक्क तारीख दिलीय की अमुक महिन्यात आम्ही निघू आणि १२९१ च्या वसंतात दमास्कससमोर तळ टाकू, तुम्ही तिथे या. नेणारा कोण, तर जिनोआचा एक माणूस, बुस्कारेल्लो, म्हणजे पुन्हा व्यापारी शहराचाच. १२९१ चा मार्च उजाडला आणि अरगून वारला. मे महिन्यात मामलुकांनी आक्रा घेतलं, ख्रिस्ती लोकांचं तिथलं शेवटचं मोठं ठाणं. दोन वर्षं आधी तारीख ठरवून भेटायचं म्हणजे हे असं.

हासेकुरा त्सुनेनागाचं तर वाचवत नाही. १६१३ मध्ये जपानच्या सेंदाईचा सरदार दाते मासामुने याने त्याला पाठवलं, स्पेनच्या मेक्सिकोशी थेट व्यापार हवा म्हणून. प्रशांत महासागर ओलांडून आकापुल्को, मेक्सिको, तिथून अटलांटिक ओलांडून स्पेन, राजा तिसरा फिलिप भेटला, हासेकुराने माद्रिदला बाप्तिस्मा घेतला, रोमला पोप भेटला. पण तो निघून काही महिने होतात न होतात तोच जपानमध्ये शोगुनशाहीने, म्हणजे तिथल्या लष्करी सरकारने, ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. ती बातमी त्याच्या मागोमाग युरोपात पोचली आणि स्पेनच्या राजाने व्यापाराला नकार दिला. सात वर्षांनी १६२० मध्ये माणूस घरी आला तो अशा देशात जिथे त्याने घेतलेला धर्मच गुन्हा झाला होता. दोन वर्षांत वारला. त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं हो.

त्याच्यासोबतचे काही जण स्पेनमधेच राहिले, सेव्हियाजवळच्या कोरिया देल रियो गावात आजही काही कुटुंबांचं आडनाव हापोन आहे, म्हणजे जपान.

निळी_शाई

इतके दिवस नुसती वाचक आहे, पण आज लिहावंसं वाटलं. सगळे राजे-वकिलांबद्दल बोलताय, साध्या व्यापाऱ्याचं काय? त्याच्या मागे ना राजा ना सैन्य, आणि माल मात्र समुद्रापार. बुडाला तर? एजंटने खाल्ला तर?

पाऊलवाट

निळी_शाई, स्वागत आणि लिहीत राहा. याचं उत्तर कागदपत्रांत आहे आणि ते राजांच्या पत्रांपेक्षा मला जास्त जवळचं वाटतं.

व्हिएन्नात एक पपायरस (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचा लेख) आहे, इ.स. दुसऱ्या शतकातला, मुझिरिस पपायरस म्हणतात. मुझिरिस म्हणजे केरळच्या किनाऱ्यावरचं जुनं बंदर. त्याच्या एका बाजूला ग्रीक भाषेत कर्जाचा करार आहे, व्यापाऱ्याने सावकाराकडून सफरीसाठी पैसे घेतलेत. करारात बारीकसारीक सगळं लिहिलंय, की परतल्यावर तांबड्या समुद्राच्या बंदरात माल भरवशाच्या उंटवाल्याच्या ताब्यात द्यायचा, वाळवंट ओलांडून नाईलकाठी कोप्तोसला आणायचा, तिथल्या सरकारी वखारीत सावकाराच्या शिक्क्याखाली ठेवायचा, मग नदीने अलेक्झांड्रियाला, तिथेही शिक्क्याखालीच. कर्ज फेडलं नाही तर माल सावकाराचा. मागच्या बाजूला हर्मापोलोन नावाच्या जहाजावरच्या मालाचा हिशेब आहे, जटामांसी, हस्तिदंत वगैरे, किंमत ७० लाख सेस्टर्सच्या (रोमन नाणी) आसपास. आणि त्यावर रोमन सरकारची जकात २५ टक्के! म्हणजे विश्वासबिश्वास नाही, शिक्का, कुलूप आणि तारण.

दुसरं टोक म्हणजे कैरोची गेनिझा. जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगमधे एक कोठी होती जिथे देवाचं नाव असू शकेल असा कुठलाही लिखित कागद फेकायचा नाही म्हणून टाकून द्यायचे. त्यात लाखो तुकडे सापडले, त्यातली कित्येक अकराव्या-बाराव्या शतकातल्या भारताच्या व्यापाराची पत्रं. अब्राहम बेन यिजू नावाचा व्यापारी ११३२ च्या आसपास मंगळूरला येऊन राहिला, तिथे पितळेच्या वस्तूंचा कारखाना चालवला, आणि एडनला त्याचा हितचिंतक मदमून म्हणून मोठा व्यापारी होता. एडनहून त्याला कोरे कागद भेट पाठवायचे कारण मलबारात लिहायचा कागद मिळत नव्हता. कुठलं जहाज आलं, कुठलं बुडालं, मिरीचा भाव काय, अमक्याला माझे पैसे द्यायला सांग, सगळं त्या पत्रांत. जहाज बुडेल म्हणून महत्त्वाच्या पत्राची दुसरी प्रत दुसऱ्या जहाजाने. इथे करारापेक्षा पत जास्त चालायची, कोणी पैसे खाल्ले तर ती बातमी कैरो ते मंगळूर सगळ्या बंदरांत पोचायची आणि त्या माणसाशी पुन्हा कोणी व्यवहार करायचं नाही. कुठल्याही सुलतानाच्या कोर्टापेक्षा ही भीती मोठी.

अक्षांश

पाऊलवाट, हे फार छान मांडलंत. यावरून मला मूळ प्रश्नाचं तिसरं उत्तर सुचतं, ते म्हणजे राजकीय संबंध अजिबात नसताना प्रचंड व्यापार. मनिला.

१५६५ मध्ये उर्दानेता या स्पॅनिश दर्यावर्दीने फिलिपिन्सहून मेक्सिकोला परतायची वाट शोधली, उत्तरेला जपानच्या बाजूने वर जाऊन पश्चिमी वारे पकडायचे. त्याआधी जहाजं यायची पण परत जाता येत नव्हतं. तेव्हापासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षं, वर्षाला एक-दोन गॅलिऑन (मोठी स्पॅनिश जहाजं) आकापुल्को ते मनिला ये-जा करत राहिली. मनिलाला येताना तीन महिने, मेक्सिकोला जाताना चार ते सहा. येताना चांदी, जाताना चिनी रेशीम आणि चिनी मातीची भांडी.

चांदीच का? चीनमधे सोळाव्या शतकात कर चांदीत घ्यायला लागले, आणि चीनमधे एक भाग सोन्याला साधारण सहा भाग चांदी मिळायची तर युरोपात बारा. म्हणजे नुसती चांदी तिकडे नेली तरी दुप्पट भाव. आणि अमेरिकेत पोतोसीची खाण १५४५ पासून सुरू. बोलिव्हियाच्या डोंगरात मिता पद्धतीने जबरदस्तीने राबवलेल्या आदिवासींनी खणलेली चांदी चीनच्या मिंग सम्राटाचा कर भरत होती, आणि त्यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं. स्पेनचा चीनमधे राजदूत नाही, चीनचा स्पेनमधे नाही. चीनच्या किनाऱ्यावरच्या फुच्येन प्रांताचे व्यापारी आपली जहाजं घेऊन मनिलाला यायचे आणि बस.

पण संबंध नसण्याची किंमत कोण देतो तेही मनिलातच दिसतं. १६०३ मध्ये स्पॅनिश लोकांना चिनी वस्तीची भीती वाटायला लागली, उठाव झाला आणि त्यांनी तिथल्या चिनी लोकांची कत्तल केली, वीस हजारांच्या आसपास माणसं. मिंग दरबाराने एक पत्र पाठवलं, सैन्य नाही. दरबाराच्या नजरेत ते लोक देश सोडून पैशामागे गेलेले होते. आणि थोड्याच काळात फुच्येनची जहाजं पुन्हा मनिलाला यायला लागली. ज्यांच्या जिवावर हा व्यापार चालला होता त्यांच्यासाठी भांडायला कोणीच नव्हतं. म्हणून मला राजदूत, वकिलाती, तह या गोष्टी पोकळ समारंभ वाटत नाहीत. माणसं मेली तर जाब विचारणारा कोणीतरी त्या दरबारात हजर असणं, एवढ्यासाठी तरी त्या लागतात.

कोरा_कागद

अक्षांश, शेवटचा परिच्छेद वाचून थांबले. मी प्रश्न विचारला तेव्हा माझ्या डोक्यात नजराणे आणि दरबारच होते, ही माणसं नव्हती.

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचं विचारते, बोलायचे कुठल्या भाषेत? आणि दुभाषा खरं सांगतोय हे कसं कळायचं?

दीपस्तंभ

कळायचं नाही. दुभाषाही मधलाच माणूस, त्याचाही काहीतरी हेतू असतो.

नेरचिन्स्कचा तह बघा, १६८९. रशिया आणि चीनचं छिंग साम्राज्य, दोन प्रचंड देश सैबेरियात एकमेकांना भिडलेले, सरहद्द ठरवायची होती. रशियनांना मांचू (छिंग राज्यकर्त्यांची भाषा) येत नाही, मांचूंना रशियन येत नाही. चिनी बाजूने दुभाषे कोण तर पेकिंगच्या दरबारातले जेझुइट या कॅथलिक संघाचे दोन पाद्री, जेर्बियों हा फ्रेंच आणि परेरा हा पोर्तुगीज. रशियन बाजूला लॅटिन जाणणारा एक पोलिश माणूस. त्यामुळे तहाचा अधिकृत मजकूर झाला लॅटिनमधे, जी दोघांपैकी कोणाचीच भाषा नव्हती! मंगोल भाषेतून बोलणं शक्य होतं, दोन्हीकडे ती जाणणारी माणसं होती, पण बोलणी आपल्यामार्फतच होतील हे पाद्र्यांनी बघितलं.

त्यांना काय मिळालं? १६९२ मध्ये सम्राट कांगशीने ख्रिस्ती धर्माला चीनमधे मुभा देणारं फर्मान काढलं, आणि त्यात जेझुइटांच्या सेवेचा उल्लेख आहे. पण हेही सांगायला हवं की बोलणी दोनदा मोडायच्या बेताला आली होती आणि याच दोघांनी तंबूतंबूत फेऱ्या मारून ती सांधली. दोन्ही बाजूंचं सैन्य तिथे हजर होतं. मधल्या माणसाचा स्वार्थ होता आणि त्याच्यामुळेच लढाई टळली, दोन्ही खरं आहे.

शिडाचं_जहाज

दीपस्तंभ यांना पुस्ती. पुढे १७२७ मध्ये क्याख्ताचा तह झाला आणि दोन्ही देशांनी सरहद्दीवर समोरासमोर दोन व्यापारी वस्त्या वसवल्या, रशियन बाजूला क्याख्ता, चिनी बाजूला मायमाचेन. रशियन फर आणि कातडं घेऊन यायचे, चिनी चहा आणि कापड घेऊन. पेकिंगपर्यंत तांडा न्यायची गरज हळूहळू उरली नाही. आणि भाषेचं म्हणाल तर तिथल्या चिनी व्यापाऱ्यांनी स्वतःच मोडकी रशियन शिकून घेतली, चिनी धाटणीची वाक्यं आणि रशियन शब्द. शंभर-दीडशे वर्षं त्या बोलीत चहाचे सौदे झाले, मधे ना पाद्री ना वकील.